पहाट, कोवळं ऊन की संध्याकाळ? बेळगावकडच्या माणसाने व्यायामाची वेळ कशी ठरवावी

व्यायाम कधी करावा असं आपल्याकडे कुणालाही विचारा, घरच्या आजोबांपासून तालमीतल्या वस्तादांपर्यंत उत्तर एकच मिळतं: पहाटे. मला हे उत्तर अर्धंच पटतं. त्याचं पहिलं कारण आपल्याकडचा सूर्य.

बेळगाव देशाच्या पश्चिम कडेला आहे. प्रमाणवेळेचं घड्याळ इथल्या सूर्यापेक्षा साधारण अर्धा तास पुढे चालतं. जूनमध्ये कोलकात्याला पाचच्या आधीच उजाडतं, तर आपल्याकडे सूर्योदयाला सहा वाजतात. जानेवारीच्या मध्यावर तर सात वाजून जातात. म्हणजे थंडीत साडेपाचला रस्त्यावर आलेला माणूस सूर्याच्या दीड तास आधी बाहेर पडलेला असतो, तेही अंधारात आणि धुक्यात. त्यामुळे ‘सकाळ की संध्याकाळ’ अशी दोनच खणांची तुलना इथे पुरत नाही. अंधारातली पहाट, उजाडल्यानंतरची सकाळ आणि संध्याकाळ हे तीन वेगळे पर्याय धरायला हवेत. पहिल्या दोघांत जेवढा फरक आहे, तेवढा पुष्कळदा सकाळ-संध्याकाळीतही नसतो.

पहाट: पाच ते सहा

पहाटेची मोठी बाजू एकच आहे, पण ती फार मोठी आहे. त्या वेळी तुमची कुणाला गरज नसते. फोन वाजत नाही, पाहुणे येत नाहीत, साहेब थांबवून घेत नाहीत. ज्यांचा व्यायाम वर्षानुवर्षं टिकलाय अशी माणसं पाहिली तर त्यांत पहाटेवाले जास्त दिसतात, ते याचमुळे.

पहाटे उठणं आपल्याला जमत नाही, असंही नाही. नवरात्रातली दुर्गामाता दौड आठवा. एरवी आठला हलवून उठवावी लागणारी पोरं त्या नऊ दिवसांत अंधारात फेटा बांधून चौकात हजर असतात. वाट बघणारी माणसं असतात, ठरलेली जागा असते, आणि गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणार हे पक्कं ठाऊक असतं. दसरा झाला की यातली बरीच पोरं पुन्हा पांघरुणात जातात. यात आळसाचा भाग थोडाच, सोबत सुटते हे खरं कारण. पहाट निवडायची असेल तर गजराच्या आधी सोबती शोधा. शेजारचा कुणीतरी गेटपाशी उभा राहून “येतोस की नाही रे?” म्हणाला, की उठावंच लागतं.

आता दुसरी बाजू. शरीराचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. सांधे आखडलेले असतात. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्यांनी पाणी शोषलेलं असतं, त्या फुगलेल्या असतात, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात कमरेतून वाकून वजन उचललं तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. पाठीचं दुखणं असलेल्याने उठल्या उठल्या डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), पायाचे अंगठे धरणं किंवा जोरात सूर्यनमस्कार करू नयेत. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालावं. झोपेची गुंगी पुरती उतरायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, कधी अर्धा तास.

शिवाय बाहेरची परिस्थिती आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची उबदार, त्यामुळे धूर वर जात नाही. बंबाचा, शेकोटीचा, झाडून गोळा केलेल्या पाल्याचा धूर गल्लीतच साचून राहतो. दमा असलेल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेचा हट्ट धरू नये. भटक्या कुत्र्यांचे कळपही याच वेळी रस्त्याचे मालक असतात. एकट्या बाईने अंधारात बाहेर पडावं, असं सांगायला तर माझं मन धजत नाही. सोबत असेल तरच.

एका गटाला मात्र पहाटेला पर्याय नाही, तो म्हणजे भरतीची तयारी करणारी पोरं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर गावातच असल्यामुळे लष्कराचं वेड इथे घराघरात आहे. काकती, सांबरा, कंग्राळीच्या रस्त्यांवर ही पोरं रोज दिसतात: टाचेला झिजलेले बूट, डोक्याला बांधलेला टॉवेल, आणि एकजण कडेला उभा राहून मोबाईलवर वेळ मोजणारा. अग्निवीर भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं तर पूर्ण गुण मिळतात. ही दौड बहुतेक वेळा पहाटेच घेतात. शरीर ज्या वेळेला मेहनतीची सवय करून घेतं, त्या वेळेला ते जास्त चांगलं चालतं. संध्याकाळी सराव करून पहाटे परीक्षा द्यायला जाणं म्हणजे मिळालेली सेकंदं हातची घालवणं. या पोरांनी पहाटेच पळावं, पण रात्री दहाला झोपावं. बारापर्यंत मोबाईल आणि साडेचारला मैदान, असं चाललं तर पोटरी आणि नडगीची दुखणी मागे लागतात. भरतीला आठ दिवस राहिले असताना लंगडणारी पोरं बघवत नाहीत.

उजाडल्यावर: साडेसहा ते आठ

सगळ्यात कमी कौतुक होतं ते या वेळेचं, आणि माझा कौल बहुतेक नोकरदारांसाठी आणि साठीच्या पुढच्यांसाठी इथेच पडतो.

डोळ्यांवर सकाळचा उजेड पडला की मेंदूतलं घड्याळ जुळतं आणि रात्री झोप वेळेवर येते. ही रचना पेशींच्या पातळीवर कशी चालते ते उलगडल्याबद्दल 2017 मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. अंधारात चालून अंधारातच घरी परतणाऱ्याला हा फायदा पुरता मिळत नाही. व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखालून, किल्ला तलावाच्या काठाने किंवा लेले मैदानावर कोवळ्या उन्हात चाळीस मिनिटं चालणं, यात व्यायाम, उजेड आणि ओळखीच्या चार माणसांशी दोन शब्द, तिन्ही साधतं. पायाखालचा खड्डाही दिसतो. साठीनंतर पडणं किती महागात जातं ते घरात खुब्याचं हाड मोडलेलं माणूस असेल त्याला सांगायला नको.

रक्तदाब आणि हृदयाचं दुखणं असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सकाळच्या पहिल्या काही तासांत रक्तदाब चढता असतो आणि हृदयविकाराचे झटके याच वेळात जास्त येतात. म्हणून सकाळी चालूच नये असं नव्हे. पण उठल्यावर लगेच थंडीत वेगाने सुटू नये, कान-छाती झाकावी, पहिली दहा मिनिटं रमतगमत जावं. चालताना छाती भरून आली, दम वेगळाच लागला, तर तिथेच थांबावं आणि डॉक्टरांकडे जावं.

या वेळेची अडचण घरात आहे. डबे, शाळेची रिक्षा, आंघोळीचा नंबर, आणि नळाला पाणी यायचा दिवस. ज्या भागात रोज पाणी येत नाही, तिथे पाणी आलं की घरची बाई घराबाहेर पडूच शकत नाही. मग तिचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा मोडतो आणि लोक म्हणतात, तिला चिकाटी नाही. घरात नवरा किंवा मोठी मुलं असतील तर पाणी भरण्याची पाळी ठरवून घ्या. व्यायामाच्या वेळेचा प्रश्न पुष्कळ घरांत खरं तर या पाळीचा असतो.

उन्हाळ्यात ही खिडकी लहान होते. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या वर उंचीवर असल्याने इथे एप्रिलमध्येही सकाळी बरं वाटतं. पण अथणी, रायबागकडे आठ वाजता ऊन भाजायला लागतं. तिकडच्यांनी मार्च ते मे साडेसातला घरी यावं.

संध्याकाळ: साडेपाच ते साडेसात

नुसत्या शरीराचं मत घेतलं तर संध्याकाळ जिंकते. दुपारी चार ते सातच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात वर असतं, स्नायू मोकळे असतात, ताकद आणि वेग पहाटेपेक्षा थोडे जास्त भरतात. फरक फार मोठा नाही, आणि सकाळच्या सरावाने तो आणखी कमी होतो, पण वजन उचलणाऱ्याला, कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्याला तो जाणवतो. दिवसभरात दोन वेळा जेवण पोटात गेलेलं असतं, त्यामुळे चक्करही येत नाही.

संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते, हे सरसकट खरं नाही. बेताचा व्यायाम झोपेला बाधत नाही. झोपायच्या आधीच्या तासाभरात दमछाक होईल असं काही केलं तर मात्र डोळा लागायला उशीर होतो. साडेनऊला जिममधून आणि दहाला अंथरुणात, हे टाळा.

संध्याकाळ बुडते ती माणसांमुळे. लग्नाची खरेदी, मंडळाची बैठक, गल्लीतली पूजा, ऑफिसातलं उरलेलं काम. नोव्हेंबरअखेर सहाच्या आधीच सूर्य मावळतो. त्याच सुमारास उसाचा हंगाम भरात असतो, आणि निपाणी, चिकोडी, खानापूरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावू लागतात. मागे दिवा नसलेली, रस्त्याच्या कडेपर्यंत ऊस बाहेर आलेली ट्रॉली तिन्हीसांजेला पळणाऱ्या माणसाला अगदी जवळ आल्यावर दिसते. या महिन्यांत मुख्य रस्ता सोडा, मैदानात किंवा गावातल्या शाळेभोवती फेऱ्या मारा. रस्त्यानेच जायचं असेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला आणि पांढरा शर्ट घाला.

मधुमेह असलेल्यांसाठी एक चौथी वेळही आहे: जेवणानंतरची. जेवून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची उसळी कमी राहते. भात हे मुख्य जेवण असलेल्या आपल्या भागात हे फार उपयोगी आहे. बेळगावी बासमतीचा वास सुटलेल्या घरात भात सोडा म्हणणं सोपं नसतं, पण जेवून गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन येणं जमतं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि खिशात साखर किंवा गोड गोळ्या-बिस्किटं ठेवावीत.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरच्या बाजूला, आकाश ठरवेल तीच वेळ. तेव्हा बाहेरचा हट्ट सोडा. जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या, जिना, सगळं घरात होतं. घरात जमीन मोकळी कधी असते तेवढं बघा.

वेळ बदलायची असेल तर

आठला उठणाऱ्याने उद्यापासून पाचचा गजर लावू नये. दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं मागे या. बदल रात्रीपासून सुरू होतो. साडेनऊचं जेवण साडेआठवर आणा, दुपारी चारनंतरचा चहा बंद करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. उठल्याबरोबर दिवा लावा, पाणी प्या. पहिल्या दोन आठवड्यांत मेहनत कमीच ठेवा, कारण त्या काळात शरीर उठायलाच शिकत असतं. रविवारी मटणाचा रस्सा खाऊन दुपारी तीन तास झोपलात तर सोमवारची सकाळ गेलीच म्हणून समजा. अर्धा तास पुरे.

रिकाम्या पोटी चालायला हरकत नाही. पण पळणं किंवा तालीम असेल तर आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर खावेत.

आणि झोप विकून व्यायाम घेऊ नका. मोठ्या माणसाला सात तास लागतातच. उद्यमबागेत दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी पोचणाऱ्या कामगाराने पहाटेचं नावच काढू नये. त्याची वेळ सकाळी दहाची, कामाला निघण्याआधीची. चारला उठून धारा काढणाऱ्या, मग शेतात राबणाऱ्या शेतकऱ्याचं शरीर दिवसभर हलतंच. त्याला संध्याकाळी कंबर आणि खांदे मोकळे करणारी पंधरा मिनिटं पुरतात. कॉलेजातल्या पोरांचं घड्याळ वयानेच उशिराचं असतं. भरतीचं ध्येय नसेल तर त्यांना संध्याकाळी मैदानावर जाऊ द्या.

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप आहे. ते कुठल्या वेळी भरावं याची अट त्यात नाही. त्यामुळे एक वेळ निवडा, तीन आठवडे तीच धरा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, गेलेल्या दिवसावर रेघ मारा. बुडालेल्या दिवसापुढे एका शब्दात कारण लिहा: पाणी, पाहुणे, पाऊस, झोप. एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर ज्या वेळी तो आडवा येत नाही ती वेळ घ्या.