जिंजर बिअरचे दोन किट, नागपूरचा मे महिना आणि आतेभावाचा सल्ला

आधीच सांगून टाकते. घरी जिंजर बिअर (अद्रक, साखर आणि यीस्टचं फसफसतं पेय) बनवायचे दोन किट घेतले असतील तर पहिल्यांदा एकाच भांड्यात ओतू नका, वेगवेगळे करा, आणि मिक्स करायचंच असेल तर नंतर ग्लासात करा. एवढंच पाहिजे असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. किटमध्ये काय बरं आहे आणि काय भंगार आहे ते खाली लिहिते.

किट ऑनलाइन घेतले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रार अजून सुरूच आहे. एक 'क्लासिक' आणि एक 'मसाला', दोन्ही पाच-पाच लिटरचे, साडेसहाशे रुपयाला एक. डब्यात निघालं काय तर यीस्टचं ५ ग्रॅमचं पाकीट, सुंठेची पुडी (मसालावाल्यात लवंग, दालचिनी, मिरी पण), लिंबूसत, बाटल्या साफ करायची पावडर, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही अशी नळी) लावलेलं मोठं बूच आणि एक लिटरच्या पाच प्लास्टिक बाटल्या. साखर आपली, अर्धा किलो. बरणी पण आपली, आणि हे वेबसाइटवर सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय. बूच कोणत्या तोंडाच्या बरणीला बसतं ते कुठेच नाही, म्हणून मी बूच पर्समध्ये घालून इतवारीत दुकानोदुकानी बसवून पाहत फिरले आणि दुकानदार माझ्याकडे पाहून राहिले होते. शेवटी पाच लिटरच्या लोणच्याच्या प्लास्टिक बरणीला बसलं, तेही रबरी वायसर लावून.

खरी बिअर काऊन नाही केली असं विचारणारे निघतीलच. तर भाऊ, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं त्यात बसत नाही, आणि माझं सासर वर्ध्याचं, तिथे तर अख्खा जिल्हाच दारूबंदीचा. जिंजर बिअर म्हणजे अद्रक, साखर, लिंबू आणि यीस्ट, फसफसली की फ्रीजमध्ये. त्यातही पुढे एक गोम आहे, ती सांगतेच.

दोन्ही किट एकत्र करायची आयडिया आली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या आतेभावाकडून. तो तिथे घरी बिअर बनवतो, तिथे चालतं. कूपर्स कंपनीचा १.७ किलोचा डबा येतो, आत माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) घट्ट पाक, झाकणाखाली यीस्टचं पाकीट, वरून साधारण किलोभर साखर आणि पाणी टाकून २३ लिटर बनते. हा बाबा साखर टाकतच नाही, दोन डबे एकाच ड्रममध्ये ओततो. मला म्हणे, "ताई, तू पण दोन्ही एकत्रच टाक, एकदाच धुणं, एकदाच उकळणं, आणि माल दाट होतो." ऐकायला बरोबर वाटतं, आणि त्याच्यासाठी ते बरोबरही आहे, कारण त्याचं पाणी २३ लिटरच राहतं आणि साखरेच्या जागी दुसऱ्या डब्यातलं माल्ट येतं, म्हणून चव भरते. कडूपणाही डबल होतो, कारण हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आधीच पाकात असतात, पण त्याला कडू आवडते. आपल्या किटात माल्ट नाहीच. दोन किट एकत्र केले की पाणी पण डबल, साखर पण डबल, मसाला पण डबल, म्हणजे पाच लिटरच्या जागी दहा लिटर तेच पाणी. दाट बिट काही होत नाही. फायदा एकच, भांडी एकदा घासायची.

आणि पाच लिटरमध्येच दोन्ही पुड्या, दोन्ही यीस्ट टाकले तर? सुंठ एवढी होईल की घसा धरेल. यीस्ट डबल टाकलं म्हणून अल्कोहोल डबल होत नाही, ते ठरतं साखरेवर, यीस्ट फक्त काम लवकर उरकतं. आणि या उन्हात लवकर ही काही चांगली गोष्ट नाही.

म्हणून मी वेगवेगळ्या बरण्या लावल्या आणि त्यामुळेच मसालावाल्याचं पितळ उघडं पडलं. झालं काय की यीस्ट टाकायच्या आधी दोन्ही पाकिटांतलं थोडं थोडं वेगवेगळ्या वाटीत, कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून ठेवलं. क्लासिकचं दहा मिनिटांत वर आलं, तपकिरी फेस, पावाच्या पिठाचा वास. मसाल्याचं तसंच तळाशी बसलेलं, अर्ध्या तासाने चार बुडबुडे. पाकिटावर एक्स्पायरी पुढच्या वर्षीची. आता हे पाकीट मे महिन्यात कुरिअरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये किती दिवस पडून होतं देव जाणे, ड्राय यीस्टला थंड कोरडी जागा लागते, तापलं की त्यातलं बरंचसं मरतं. कंपनी म्हणते फोटो पाठवा. मेलेल्या यीस्टचा फोटो कसा काढायचा हे त्यांनी सांगितलं नाही. एकत्र ओतलं असतं तर क्लासिकच्या यीस्टने दोघांचं काम केलं असतं आणि मी इथे दोन्ही किटला चांगले स्टार देऊन मोकळी झाले असते. मसाल्याच्या बरणीत मग क्लासिकच्या पाकिटातलं उरलेलं टाकलं, पाच लिटरला पाच ग्रॅम लागतच नाही, अर्ध्यात भागतं.

बरं, नागपूरची मुख्य गोष्ट म्हणजे गर्मी. किटच्या कागदावर लिहिलंय 'रूम टेंपरेचरला दोन ते तीन दिवस'. कोणाची रूम? बाहेर ४५, आत पंख्याखाली ३६-३७, आणि या यीस्टला खरं तर १८ ते २२ च्या आसपास बरं वाटतं. तिशीच्या वर गेलं की ते धावत सुटतं आणि मग चवीत एक जळजळीत, थिनरसारखा वास येतो, तो नंतर फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. एसीत बरणी ठेवायची तर एसी बेडरूममध्ये, आणि नवऱ्याने स्पष्ट सांगितलं की बेडरूममध्ये बुडबुड आवाज करणारी बरणी झोपणार नाही. मग कूलर. कूलरच्या समोर प्लास्टिकचा टब, त्यात चार बोटं पाणी, त्यात बरणी, बरणीभोवती जुना सुती टॉवेल, त्याचं टोक पाण्यात बुडलेलं. टॉवेल आपोआप पाणी ओढतो, हवा लागली की ते उडतं आणि बरणी थंड होते, माठाचंच तत्त्व आहे. रसोईतला थर्मामीटर लावून पाहिला तर २६-२७ दाखवून राहिला होता, खोली ३६ ची असताना. हे फक्त कोरड्या उन्हाळ्यातच जमतं हां, पाऊस सुरू झाला की हवेत ओल येते, टॉवेल नुसता ओला बसतो आणि दोन दिवसांनी त्यालाच वास मारतो.

टबमध्ये एका वेळी एकच बरणी मावते, हाही वेगवेगळं करायचा फायदाच धरा. क्लासिक आधी लावली, तिच्यावरून आपल्या घरात, आपल्या कूलरवर किती वेळ लागतो ते कळलं, मग मसाला. दहा लिटरची मोठी बरणी असती तर तिला थंड व्हायलाच रात्र गेली असती, आणि यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं, भांडं मोठं तेवढी आत अडकते.

पाण्याचं म्हणाल तर नळाचं पेंचचं पाणी उकळून, उघडं ठेवून गार केलं. क्लोरीनचा वास निघून जातो. आरओचं पण चालेल. किटच्या बाटल्यांत उकळतं पाणी ओतू नका, पेट प्लास्टिकची बाटली आखडते आणि झाकण मग नीट बसत नाही, त्यासाठीच ती पावडर दिलीये.

आता ती गोम. डब्यावर मोठ्या अक्षरात 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलंय. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण खाल्ली की १ टक्का अल्कोहोल बनतं. किट सांगतं पाच लिटरला ५०० ग्रॅम, म्हणजे लिटरला १००. सगळी खाऊ दिली तर साडेपाच-सहा टक्के, म्हणजे सरळ स्ट्राँग बिअरच. 'नॉन-अल्कोहोलिक' तेव्हाच, जेव्हा तुम्ही लवकर थांबवाल, आणि हे कागदावर एका शब्दाने लिहिलेलं नाही. घरात लहान पोरं असतील, कोणी अजिबात घेत नसेल तर हे माहीत पाहिजे. थोडं अल्कोहोल कितीही लवकर थांबवलं तरी बनतंच, म्हणून मी पोरांना दिलं नाही, त्यांना पन्हं.

याच हिशोबातून बाटल्या फुटायचं पण समजतं. बाटलीत छान गॅस व्हायला लिटरला दहा-बारा ग्रॅम साखर जळली की पुरे. उरलेली सगळी साखर बाटलीत तशीच बसलेली, आणि यीस्ट जिवंत. बाहेर राहिली की गॅस वाढतच जातो. म्हणून काचेच्या बाटलीत भरू नका, बाटली कितीही सुंदर दिसत असो, फुटली तर काचा उडतात. प्लास्टिकची दाबून पाहता येते. मी बरणीतून एका रात्रीनंतरच बाटलीत भरलं, वर तीन-चार बोटं जागा सोडली आणि दर दोन तासांनी दाबून पाहत होते. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळपर्यंत अंगठ्याने दबेना, की सरळ फ्रीजमध्ये. कागदावरचे 'दोन ते तीन दिवस' पाळले असते तर कूलरच्या पाण्यात जिंजर बिअर मिसळली असती. फ्रीजमध्ये यीस्ट मरत नाही, सुस्तावतं फक्त, त्यामुळे लाइट जाऊन फ्रीज तापला की परत दाबून पाहा, थोडं झाकण सैल करून गॅस सोडा आणि आठवडाभरात संपवा.

चव. क्लासिक खरंच चांगली आहे, अद्रक नाकात जातं, गोड जरा जास्त, पुढच्या वेळी लिटरला ७० ग्रॅमच टाकणार. सासूबाई म्हणाल्या, "गोटी सोड्यासारखं लागतं गं, पण झोंबतं," आणि दुसरा ग्लास मागितला. मसाला मात्र काढा. लवंग एवढी की बाकी काही कळतच नाही, एकटी पिववत नाही. पण दोन भाग क्लासिक आणि एक भाग मसाला, ग्लासात, वरून लिंबू पिळून, ही सगळ्यात बेस्ट निघाली. आधीच अर्धं-अर्धं ओतून बसले असते तर दहा लिटर लवंगेचं पाणी पीत बसावं लागलं असतं. सावजीच्या तर्रीवाल्या जेवणासोबत तर लयच भारी, तिखटावर गोड आणि थंड.

तुम्हाला एकदाच उकळायचंच असेल तर एक मधला रस्ता आहे. साखर, पाणी आणि लिंबूसत एकाच पातेल्यात उकळून घ्या, गार करा, मग दोन बरण्यांत अर्धं-अर्धं करून पुड्या आणि यीस्ट वेगवेगळे टाका. पुडीतला मसाला मात्र आधी कपभर गरम पाण्यात भिजवून, गाळून घ्या, नाहीतर एअरलॉकच्या नळीत सुंठेचा गाळ अडकतो.

क्लासिकला साडेतीन स्टार, त्यातला अर्धा बूचाच्या घोळामुळे कापला. मसाल्याला दीड. दुसरा किट कोणीच घेऊ नका, खरं तर पहिल्यानंतर पहिलाही परत घ्यायची गरज नाही, एअरलॉक आणि बाटल्या तशाच राहतात, सुंठ आणि लवंग मस्कासाथात किटच्या अर्ध्याही भावात मिळते, ओलं अद्रक गोकुळपेठेत. फक्त यीस्ट मागवावं लागतं, ते दिवाळीनंतर मागवा, आणि आलं की पहिले वाटीत घालून पाहा.