सायकलसाठी बाटली: साधी, दुहेरी भिंतीची की स्टीलची?

सायकलच्या बाटलीची परीक्षा चालत्या सायकलवरच होते. एक हात हँडलवर, नजर रस्त्यावर, आणि दुसऱ्या हाताने बाटली काढून, दोन घोट पिऊन, खाली न बघता परत केजमध्ये, म्हणजे फ्रेमवरच्या बाटली ठेवायच्या पकडीत, ठेवता आली पाहिजे.

घरातली स्टीलची बाटली इथे मागे पडते. झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात आणि प्यायचं तर मान मागे टाकावी लागते, म्हणजे समोरचा खड्डा दिसत नाही. वर वजन जास्त, केजमध्ये खडखडाट. ऑफिसला जाताना बॅगेत ठेवायला ती उत्तम, घाटात मात्र नको.

साधी, पिळायची बाटली मऊ प्लास्टिकची असते. दाबली की धार थेट तोंडात, मान सरळच राहते. रिकामी बाटली साधारण शंभर ग्रॅमच्या आत बसते. वरच्या भागातल्या खाचेत केजची जीभ अडकते, त्यामुळे खराब रस्त्यावरही ती सहसा उडत नाही. दोष एकच, पण आपल्याकडे मोठा: एप्रिल-मे महिन्यात ऊन चढलं की पाणी बघता बघता कोमट होतं, आणि कोमट पाणी माणूस कमी पितो.

त्यावर उपाय दुहेरी भिंतीची बाटली. पाणी जास्त वेळ गार राहतं, पण भिंतींनी जागा खाल्लेली असते. कॅमलबॅक कंपनीची साधी पोडियम बाटली ७१० मिलीची, तर तिची गार ठेवणारी बहीण पोडियम चिल ६२० मिलीचीही येते. शिवाय ही पिळायला थोडी कडक आणि किमतीलाही चढी. त्यामुळे सकाळी सात-आठपर्यंत घरी परतणाऱ्याने हा खर्च करू नये. साध्या बाटलीत रात्री अर्धं पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवावं आणि निघताना वरून भरावं. दुपारपर्यंत रस्त्यावर असणाऱ्याने मात्र एक दुहेरी आणि एक साधी घ्यावी. पहिलीत प्यायचं पाणी, दुसरीत ओआरएस.

मापाचं सांगायचं तर बहुतेक केज सुमारे ७४ मिमी जाडीच्या बाटलीसाठी बनतात. म्हणून पाण्याची लिटरची विकतची बाटली त्यात बऱ्याचदा अडकते किंवा घुसतच नाही. ७५० मिलीची बाटली सोयीची, पण फ्रेम लहान असेल तर ती काढताना वरच्या दांड्याला आपटते. अशा वेळी ५५० मिलीच्या दोन बऱ्या.

मी सगळ्यात जास्त बघतो ती तोटी. दातांनी ओढून उघडायची तोटी स्वस्त आणि टिकाऊ, पण दर घोटाला उघड-बंद करावी लागते. दाबलं तरच पाणी सोडणारी झडप चालवताना फार सुखाची. मात्र पावसाळ्यात पुढचं चाक रस्त्यावरचा चिखल, शेण, डिझेलमिश्रित पाणी थेट तोटीवर उडवतं आणि तेच आपल्या तोंडात जातं. जून ते सप्टेंबर सायकल चालवणार असाल तर तोटीवर टोपण असलेलीच बाटली घ्या, बाकी काही कमी-जास्त असलं तरी चालेल.

सरबत किंवा ओआरएस भरलं की तोटीच्या आतल्या खाचेत काळी बुरशी धरते. नुसतं विसळून ती जात नाही, बारीक ब्रश फिरवावा लागतो. म्हणून दुकानातच झाकण उघडा आणि तोटी ओढून बघा. सुटी होत नसेल तर ती बाटली घेऊ नका.