प्रोटेजे: ‘चटई’ नेमकी कुठली, हे विचारणारं सॉफ्टवेअर

मराठीत कार्पेट एरिया म्हणजे चटई क्षेत्र आणि एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल याचं प्रमाण, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. गंमत अशी की निर्देशांक काढताना चटई कुणी मोजतच नाही. राज्याच्या 2020 च्या यूडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत तो पी-लाइनच्या, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या, आतल्या क्षेत्रावर निघतो, बाल्कनी धरून. 2016 च्या रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी येत नाहीत. त्यात जिना-लॉबीचा वाटा धरलेला ब्रोकरचा ‘सुपर बिल्टअप’ मिसळला की एकाच टेबलावर तीन क्षेत्रं फिरतात आणि नाव मात्र एकच.

असे घोळ निस्तरायला सामायिक ऑन्टॉलॉजी लागते: संज्ञा, व्याख्या आणि त्यांची आपसांतली नाती, संगणकालाही वाचता येतील अशी. ती बांधायला स्टॅनफर्डचं प्रोटेजे हे अजूनही सगळ्यात भरवशाचं साधन. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, दिसायला जुनाट आहे.

पहिली संज्ञा टाकण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन नव्या नोंदींसाठी आपोआप क्रमांक लावायला सांगा. नाहीतर टाइप केलेलं नावच कायमची ओळख होऊन बसतं. पुढे नाव बदललं की त्यावर टेकलेले बाहेरचे दुवे तुटतात. क्रमांकाला मराठी लेबल द्या, भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ (mr) हा मराठीचा कोड लिहा. देवनागरी लेबलं व्यवस्थित चालतात.

क्षेत्रफळ हा एकच गुणधर्म ठेवू नका. रेरा चटई क्षेत्र, पी-लाइन क्षेत्र असे वेगळे करा आणि प्रत्येकाच्या व्याख्येत कलम नोंदवा (रेरासाठी 2-के). एकक मात्र स्वतः ठरवावं लागतं. चौरस मीटरच्या जागी चौरस फूट भरले तरी प्रोटेजे हूं की चूं करत नाही.

खरी किंमत वसूल होते ती हर्मिट या रीझनरवर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमवर. कंट्रोल-आर दाबलं की विसंगत वर्ग लाल होतात आणि प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की कुठल्या विधानांची टक्कर झाली ते दिसतं. पण ‘मजल्यांची संख्या’ हा गुणधर्म इमारतीचा म्हणून बांधला आणि कुणी तो भूखंडाला चिकटवला, तर चूक दिसत नाही. भूखंडच इमारत ठरतो! भूखंड आणि इमारत परस्परभिन्न आहेत हे मुद्दाम सांगावं लागतं. नवखे नेमके इथेच फसतात. तसंच एका गटाला (मूळ जमिनीच्या तुकड्याला) एकच अंतिम भूखंड (योजनेनंतर मिळणारा) असं बंधन घालून दोन जोडले, तर रीझनर ते दोन्ही एकच मानून मोकळा होतो. नगररचना योजनेत एका गटाचे दोन अंतिम भूखंड पडू शकतात, तेव्हा ते बंधन घालूच नये.

रिकाम्या रकान्याबद्दलही तक्रार येत नाही. माहिती नाही म्हणजे चूक, असं हे तर्कशास्त्र मानत नाही. परवानगीच्या फायली तपासायच्या असतील तर वर शॅकल या माहिती तपासायच्या भाषेत नियम लिहा. नकाशा बघायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आहेच.

वेब-प्रोटेजे या ब्राउझरमधल्या आवृत्तीत प्रत्येक संज्ञेखाली चर्चा करता येते, बदलांचा इतिहास राहतो. अनेक सरकारी खाती एकत्र बसवायची तर तीच आवृत्ती घ्या आणि रीझनर डेस्कटॉपवर चालवा. ऑन्टॉलॉजीची ओडब्ल्यूएल फाइल कुठलाही उपअभियंता उघडणार नाही. संज्ञा, व्याख्या आणि कलम असा तीन रकान्यांचा एक्सेल तक्ता काढून द्या. सही त्यावरच होते.