सोनेरी गुडघ्याचे नव्वद हजार

आईच्या गुडघ्याचा सांधा बदलताना माझी नव्वद हजार रुपयांची फसवणूक झाली. ती मी अडाणी होतो म्हणून झाली नाही, तर धातूंतले मला थोडेफार कळते या समजुतीमुळे झाली. कुपवाडच्या एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. टायटॅनियम नायट्राइडचा लेप दिलेली सोनेरी ड्रिल बिटे मी वीस वर्षे वापरत आलो आहे, आणि साधे बिट जिथे बोथट होते तिथे सोनेरी बिट बरेच पुढे जाते, हे रोजच्या कामात पाहिलेले आहे. त्या माणसाने नेमका तिथेच गळ टाकला.

आईचे वय अडुसष्ट आहे. तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत तिचा जन्म गेला आणि त्यात दोन्ही गुडघे झिजले. उजवा आधी करायचा ठरला. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एक नीटनेटका तरुण खोलीत आला, त्याने 'इम्प्लांट कंपनीकडून आलोय' असे सांगितले आणि बॅगेतून मांडीच्या हाडाच्या टोकाला बसवतात तो भाग काढून माझ्या हातात ठेवला. तो सोन्यासारखा पिवळा आणि आरशासारखा गुळगुळीत होता. मी त्यावर नख फिरवून पाहिले. मग त्याने आईला विचारले, "मावशी, खोटे दागिने घातले की अंगाला खाज सुटते का?" सुटते, असे आई म्हणाली. साध्या सांध्याच्या धातूत थोडे निकेल असते, त्याचाच हा त्रास, आणि हा लेप त्याला अडवतो, असे त्याने समजावले. यंत्रावर तीन कोटी फेऱ्या चालवून पाहिल्याचा एक तक्ता दाखवून त्याने तीस वर्षांची गॅरंटीही दिली. सरकारने दर बांधून दिल्यामुळे जास्तीची रक्कम बिलात दाखवता येत नाही, म्हणून फरक रोख द्यावा लागेल, असे तो म्हणाला. या एका वाक्यावर मी त्याला दार दाखवायला हवे होते. उलट बेदाण्याचे आलेले पैसे मी त्याच संध्याकाळी बँकेच्या एटीएम आणि काउंटरच्या खेपा न घालता एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उचलले आणि मोजून त्याच्या हातात ठेवले.

ड्रिल आणि गुडघा यांतला फरक मला नंतर कळला. ड्रिलमध्ये बिटाची धारच झिजते, त्यामुळे तिचा कठीणपणा वाढवला की आयुष्य वाढते. गुडघ्यात मात्र धातूचा भाग एका विशेष प्रकारच्या, अतिशय घट्ट पॉलिथिनच्या गादीवर सरकतो, आणि झिजते ती मुख्यतः ती गादी. तिचे सूक्ष्म कण आजूबाजूला साठले की शरीराची जी प्रतिक्रिया होते तिच्यात सांध्याभोवतालचे हाड खाल्ले जाते आणि बसवलेला सांधा सैल होतो. सपाट जागी चालतानाच गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि जिना चढता-उतरताना तो आणखी वाढतो. यंत्र दहा लाख फेऱ्यांना एक वर्ष धरते, पण ते एकाच ठरावीक चालीने चालते. आईचे वजन, पायाची ठेवण, हाडाची ताकद आणि सांधा किती सरळ बसला, यांपैकी काहीही त्या हिशेबात नसते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली आलेल्या अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकतात, आणि त्यासाठी कोणाला सोन्याचा मुलामा द्यावा लागलेला नाही. लेप ही थाप आहे असे मी म्हणत नाही. धातूची ॲलर्जी असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर असे सांधे विचारपूर्वक वापरतात. माझी तक्रार वेगळीच आहे.

आठ महिन्यांनी डाव्या गुडघ्यासाठी आम्ही दुसऱ्या सर्जनांचे मत घेतले. त्यांनी जुनी फाइल मागितली. मी पहिल्या रुग्णालयात लेखी अर्ज केला. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रे द्यावीत असा नियम आहे, आणि ती मिळालीही. शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या पानावर सांध्याच्या खोक्यांवरचे स्टिकर चिकटवलेले होते. प्रत्येकावर कंपनीचे नाव, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि माप होते, आणि मांडीच्या भागाच्या स्टिकरवर धातू म्हणून कोबाल्ट-क्रोम एवढेच छापलेले होते. लेपाचा शब्दही नव्हता. एक्स-रेमध्ये सोनेरी भाग दिसेल का, असे मी भाबडेपणाने विचारले. एक्स-रेत धातू नुसता पांढरा दिसतो, रंग कळत नाही आणि काही मायक्रॉन जाडीचा लेप तर नाहीच नाही, असे सर्जन म्हणाले.

पुढचा हिशेब मला घरीही करता आला असता. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या सांध्यांचे कमाल दर बांधले, तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला 54,720 रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या विशेष धातूच्या सांध्याला 76,600 रुपये असा दर ठरला होता, कर वेगळा. म्हणजे भारी धातू खरोखर बसवला असता तरी त्या दरांत फरक बावीस हजारांच्या आतला होता. मी नव्वद दिले होते.

त्या तरुणाचा फोन बंद लागतो. तो आमचा माणूस नव्हे, असे रुग्णालय म्हणते, आणि त्याला खोलीपर्यंत कोणी येऊ दिले याचे उत्तर देत नाही. त्याने दिलेले लॅमिनेट केलेले गॅरंटी कार्ड पुन्हा नीट पाहिले, तेव्हा त्यावर कंपनीचा पत्ता नाही, लॉट क्रमांक नाही आणि आईचे नावही चुकीचे आहे, हे ध्यानात आले. आई व्यवस्थित चालते, शस्त्रक्रियेत काही उणे नाही, म्हणून हे सगळे महिनोन्महिने माझ्या लक्षातच आले नव्हते.

डाव्या गुडघ्याच्या वेळी सांध्याची कंपनी, धातू आणि किंमत मी आधी लेखी मागून घेतली. शस्त्रक्रियेनंतर सिस्टरांनी स्टिकरचे पान समोर धरले, तेव्हा मी सगळे लॉट क्रमांक वहीत उतरवले आणि डिस्चार्जच्या दिवशी बिलातल्या सांध्याच्या ओळीशी ताडून पाहिले. ते जुळले.

पोलिसांत अर्ज दिला आहे. पैसे दिल्याचा पुरावा काय, असे तिथे विचारले, तेव्हा माझ्याकडे त्या व्यापाऱ्याच्या वहीतली एक ओळ होती. त्या तारखेला मी नव्वद हजार उचलले, एवढेच तिच्यावरून दिसते. ते कोणाला दिले, हे तिच्यात कुठेच नाही.