काम सुटलं: पीएफ काढावा की सोनं गहाण ठेवावं?

हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका भावाला मंदीत घरी बसवलं. त्याचा प्रश्न हाच आहे.

खर्च: पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होतं. काढलेल्या रकमेवर ते थांबतं, आणि सलग 5 वर्षं नोकरी झाली नसेल तर करही लागू शकतो. पण हप्ता नाही. सोन्यावर व्याज भरावंच लागतं. बँकेत कमी, खाजगी फायनान्सकडे बरंच जास्त.

वेळ: सोन्यावर बहुधा त्याच दिवशी पैसे. पीएफचा दावा आधार, बँक खातं आणि नावातल्या एका अक्षरावरही अडतो.

धोका: मला सगळ्यात काळजी याची वाटते. पगारच नाही, तर व्याज कुठून भरणार? थकलं की दागिन्यांचा लिलाव. 2020 च्या टाळेबंदीत सरकारने पीएफमधून आगाऊ रक्कम काढू दिली. तेव्हा भागलं, पण म्हातारपणाची शिल्लक तेवढी घटली.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर आधी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पाहा: पात्र कामगाराला सरासरी मजुरीच्या 50 टक्के, 90 दिवसांपर्यंत.

दुसरं काम नक्की ठरलंय, दोनेक महिन्यांचाच प्रश्न आहे, त्याने बँकेत सोनं ठेवावं. कामाचा पत्ताच नसेल त्याने पीएफ काढावा, तोही गरजेपुरताच.