राजारामपुरीतला दवाखाना, पिशवीची सूज आणि चार स्टार

सोनोग्राफी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी लागोपाठ गर्भ पडत होते. दुखणं म्हणावं तर काहीच नाही, फक्त पाळीआधी तपकिरी डाग. याआधी एका ठिकाणी 'पिशवीला सूज आहे' म्हणून न तपासताच गोळ्या दिल्या. त्या संपल्या की दुसऱ्या. नणंदेच्या सांगण्यावरून मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या दवाखान्यात आले.

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "पिशवीच्या आतल्या अस्तराची जुनाट सूज सोनोग्राफीत कळत नाही. दुर्बिणीने बघू, अस्तराचा तुकडा काढून तपासू, मग गोळीचं ठरवू." पाळी थांबल्यावर लगेचची तारीख दिली. पाळीच्या आसपास सुजेच्या पेशी अस्तरात तशाही दिसू शकतात, मग रिपोर्टचा घोळ होतो म्हणे.

तपासणी सुरू असताना स्क्रीन माझ्याकडे वळवला होता. लालभडक अस्तरावर पांढरे ठिपके, आणि पाण्यात हलणारे बारीक बारीक कोंब. "हे बघून संशय येतो, निदान तुकड्यावरच," मॅडम म्हणाल्या. सिस्टरनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या: एक फॉर्मलिनची, एक सलाइनची. सलाइनमधला तुकडा टीबीसाठी, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. आपल्याकडे पिशवीचा टीबी वगळल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मला पटलं. लेबलवरचं नाव त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, "ताई, नीट बघा हं."

तुकड्याला लावायच्या साध्या रंगात प्लाझ्मा पेशी, म्हणजे जुनाट सुजेची खूण असलेल्या पेशी, नजरेतून सुटतात, म्हणून सीडी-१३८ नावाची वेगळी तपासणी केली. त्यात त्या सापडल्या, टीबी निघाला नाही. किती पेशी दिसल्या म्हणजे आजार धरायचा यावर डॉक्टरांतच एकमत नाही, हेही मॅडमनी न लपवता सांगितलं. मात्र सीडी-१३८ चे पैसे वेगळे लागणार, हे काउंटरवर बिल हातात पडल्यावर कळलं. एक स्टार तिथे गेला.

औषध डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध त्या वेळेपासून लांब. आमच्या ह्यांना रात्री गंगावेशीत कट्ट्यावरचं धारोष्ण दूध लागतं आणि एकट्यानं प्यायला आवडत नाही. शेवटी माझी संध्याकाळची गोळी अलीकडे घेतली, तेव्हा घरात शांतता झाली. मळमळ झाली, पण कोर्स पुरा केला. नंतर पुन्हा तुकडा तपासला आणि सूज गेल्याची खात्री केली. हे दुसऱ्यांदा तपासणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. "आता गर्भ टिकेलच असं मी म्हणणार नाही, एक अडचण गेली," एवढंच मॅडम बोलल्या.

बसायची जागा अपुरी. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका आणि आमच्यासारख्या, सगळ्या एकाच बाकावर. दवाखान्यानं याचा विचार करायला हवा. शनिवारी तर जाऊच नका, गाडी लावायला गल्लीत जागा मिळत नाही.

कुणाचा आधी तुकडा काढून झाला असेल तर त्या लॅबमधून तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून न्या. सीडी-१३८ त्याच्यावरही होते, नुसत्या त्या तपासणीसाठी परत तुकडा काढायला नको.