जीएनएम की बी.एस्सी.? नवजात कक्षात काम करायचं असेल तर

बारावीचा निकाल लागला की गावाकडच्या पोरींचे फोन सुरू होतात. "ताई, मला तान्ह्या लेकरांच्या आयसीयूत काम करायचंय. जीएनएम करू का बी.एस्सी.?"

जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा, तो तीन वर्षांचा. त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते. 40 टक्के आणि इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, 45 टक्के आणि राज्याची सीईटी लागते. एक वर्ष वाचतं म्हणून पुष्कळ जणी जीएनएमकडं वळतात. पण पुढं पदवी हवीशी वाटली तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच. सोयाबीनच्या पैशावर घर चालतंय, पगार लवकर सुरू व्हायला हवा, तर जीएनएम करण्यात काहीच कमीपणा नाही. सायन्स झालंय आणि घरचे चार वर्षं थांबू शकतात, तर बी.एस्सी.च करा, हे मी ठामपणे सांगते.

नवजात बाळांचं खास शिक्षण त्यानंतरचं. एम.एस्सी.त चाइल्ड हेल्थ घेतलं तर दोन वर्षं, आणि शिकवायची वाट मोकळी होते. भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, पण तो क्रिटिकल केअरचा, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या शुश्रूषेचा, त्याला बी.एस्सी. आणि वर्षाचा अनुभव लागतो. लेकरांजवळच राहायचं असेल तर माझी पसंती नवजात शुश्रूषेच्या एक वर्षाच्या पोस्ट बेसिक डिप्लोमाला. तो जीएनएमवालीलाही करता येतो.

कारण हे काम हातानं शिकायचं आहे. किलोभराच्या लेकराची शीर नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. तळहाताखालून टॉर्चचा उजेड धरला की ती सावलीसारखी दिसते, मग 24 नंबरचा पिवळा कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, हळूच सरकवायचा. नळीतून दूध देताना सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, सिरिंज वर धरायची, दूध आपोआप उतरू द्यायचं. ढकलायचं नाही.

म्हणून प्रवेश घेताना फी विचाराच, पण पोस्टिंग कुठल्या दवाखान्यात असते तेही विचारा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा जिल्हा रुग्णालयाचं एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास कक्ष, असं ठिकाण सांगितलं तर तिथं किती आठवडे, हेही. एका कॉलेजातून जीएनएम होऊन आलेल्या पोरीनं तीन वर्षांत वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, फक्त काचेबाहेरून पाहिला होता. पहिल्या रात्रपाळीला तिचे हात थरथरत होते, आणि तिची त्यात काही चूक नव्हती.